ओसरीवरून : बंडखोराची परतवाट

आषाढ संपून श्रावण लागला, तरी यंदा आमच्या लोधिवलीस पावसानें उसंत अशी दिलेली नाहीं. पाताळगंगा तांबडी होऊन दोन्ही कांठ धरून वाहत आहे, इर्शाळगडाचा सुळका आठआठ दिवस ढगांतून डोकें बाहेर काढीत नाहीं, आणि लावणी आटोपलेलीं शेतें हिरवीं होऊन स्वस्थ बसलीं आहेत. अशा दिवसांत निवृत्त शिक्षकाला दोनच उद्योग उरतात : ओसरीवर बसून जुन्या हमरस्त्यानें मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या मोटारींचा आवाज ऐकणें, आणि घरांतल्या मुलांनीं न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देणें. या खेपेस प्रश्न खरोखरच विचारला गेला. उत्तर मात्र मला लवकर देतां आलें नाहीं. या महिन्याची ओसरी त्या एका प्रश्नाच्या स्वाधीन करीत आहें.

माझी नात महाविद्यालयांत जाते व कादंबरी लिहिते. तिच्या आईच्या मतें यांतलें दुसरें काम पहिल्याच्या मुळावर येत आहे. पण घरांत लिहिणारें माणूस निघालें याचा मला मनांतून आनंदच आहे. परवां ती एक कागद घेऊन माझ्यापुढें बसली. कागदावर एक मोठें वर्तुळ, आणि त्यांत जन्मपत्रिकेप्रमाणें बारा घरें पाडलेलीं. मी म्हटलें, "कोणाची पत्रिका ही?" ती म्हणाली, "माझ्या नायकाची. आजोबा, अकरा घरें भरलीं. शेवटचीं नीट बसेनात. माझा नायक बंडखोर आहे. तो घर सोडून जातो इथपर्यंत सगळें जमलें. पण या आखणीप्रमाणें त्यानें परत आलें पाहिजे, आणि तो कांहीं केल्या परत येत नाहीं."

ही आखणी काय आहे, तें आधीं सांगितलें पाहिजे. जोसेफ कॅम्बेल (१९०४-१९८७) या अमेरिकन पंडितानें १९४९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सहस्र मुखांचा नायक, असा त्याच्या नांवाचा अर्थ. जगांतल्या नाना देशांच्या पुराणकथा व लोककथा ताडून पाहतां त्याला असें दिसलें कीं, वीराच्या कथेचा सांगाडा बहुधा एकच असतो : नायक ओळखीचें घर सोडतो, अनोळखी प्रदेशांत त्याच्यावर संकटें येतात, त्यांतून तो कांहींएक प्रसाद मिळवितो, आणि तो प्रसाद घेऊन आपल्या माणसांत परत येतो. निर्गमन, दीक्षा आणि प्रत्यागमन, असे हे तीन खंड. मूळ ग्रंथांत त्यांचे सतरा टप्पे आहेत. पुढें क्रिस्टोफर व्होगलर या गृहस्थानें चित्रपटांच्या धंद्यांत काम करीत असतां, १९८५ च्या सुमारास, चित्रपटकथा लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठीं त्यांचे बारा केले. तींच हीं बारा घरें. जॉर्ज लुकस यानें १९७७ सालच्या आपल्या गाजलेल्या अंतराळपटाच्या बाबतींत कॅम्बेलचें ऋण उघड मान्य केल्यापासून तर ही आखणी कथालेखनाचा पाढाच होऊन बसली आहे.

आम्हां लोकांना हें कांहीं फारसें परकें वाटूं नये. मुंजीचा मंडप आठवा. बटूचें आईबरोबर शेवटचें जेवण होतें. मग तो आईपासून वेगळा काढला जातो. दंड, मेखला, भिक्षा, गुरुगृहीं वास, असा त्याचा नवा जन्म होतो. आणि विद्या पुरी झाली कीं समावर्तन. समावर्तन या शब्दाचा अर्थच मुळीं परत येणें! सोडमुंजीच्या वेळीं बटु छत्री घेऊन काशीस निघतो आणि मामा मुलगी देण्याचें आमिष दाखवून त्याला मागें फिरवितो, या गमतीच्या विधींतसुद्धां तीच काळजी लपलेली आहे : शिकून गेलेला मुलगा परत येईल ना? कॅम्बेलला संस्कारविधींच्या या तीन अवस्थांची पूर्ण जाणीव होती, आणि उपनिषदांच्या इंग्रजी भाषांतरांत त्यानें स्वामी निखिलानंदांना साह्यही केलें होतें. तेव्हां हा पाहुणा आमच्याच घरचें कांहीं शिधासामान घेऊन आमच्या दारीं आला आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

परंतु नातीची अडचण खरी होती. वीर आणि बंडखोर हे दोघेही घर सोडून जातात, एवढ्यावरून दोघांना एकच पत्रिका लागूं पडेल काय?

विश्वामित्र दारीं येऊन रामाला मागून नेतात. दशरथ आधीं कचरतो, मग वसिष्ठांच्या सांगण्यावरून अनुमति देतो. हांक बाहेरून आली, घरानें आशीर्वाद दिला, वाटेवर राक्षस भेटले, ते मारले. परत येतांना हातीं यश आणि संगें सीता. अयोध्या तोरणें बांधून उभीच होती. वीराचें हें असें असतें. त्यानें घराचें रक्षण करावयाचें असतें. घराला प्रश्न विचारावयाचा नसतो.

बंडखोराचा आद्य नमुना पाहावयाचा तर कठोपनिषद उघडावें. वाजश्रवसानें सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दानांत दिल्या त्या म्हाताऱ्या, भाकड गाई. कुमार नचिकेता हें पाहतो व बापाला विचारतो, मला कोणाला देणार? एकदां विचारतो, दोनदां विचारतो, तिसऱ्यांदा विचारतांच बाप संतापून म्हणतो, तुला मृत्यूला दिला! येथें हांक बाहेरून आलेली नाहीं. ती घरांतल्याच एका खोटेपणांतून उठली आहे, आणि ती ऐकणारा मुलगा बापाचा द्वेष्टा नसून बापाचें पुण्य खरें व्हावें म्हणून तळमळणारा आहे. हा पहिला फरक.

दुसरा फरक उंबरठ्याचा. कॅम्बेलच्या आखणींत उंबरठ्यावर एक राखणदार असतो. त्याला जिंकल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वीराच्या वाटेवर हा राखणदार राक्षस असतो, व त्याला मारण्यास कोणाची ना नसते. बंडखोराच्या वाटेवर मात्र तेथें स्वतःचा बाप उभा असतो, आणि बापाच्या मागें, स्वयंपाकघराच्या दारांत, पदरानें डोळे पुशीत आई. त्यांना मारतां येत नाहीं; ओलांडावें लागतें. अलीकडचे पुष्कळ लेखक येथेंच चुकतात : बापाला राक्षस करून टाकतात, म्हणजे नायकाला वीर होणें सोपें जातें. पण मग तो बंडखोर राहत नाहीं.

तिसरा फरक सर्वांत मोठा. वीर जो प्रसाद आणतो, त्याची घर वाट पाहत असतें. बंडखोर जें आणतो, तें घराला नको असतें. म्हणून जाण्याहून त्याचें परतणें कठीण.

नचिकेत्याला हें पक्कें ठाऊक होतें. तीन रात्री उपाशी राहून त्यानें यमाकडून तीन वर मिळविले. अग्निविद्या दुसऱ्या वरांत मागितली. मरणानंतर काय, हा त्याचा प्रसिद्ध प्रश्न तिसऱ्या वरांत. यमानें हत्ती, घोडे, दीर्घायुष्य, अप्सरा पुढें केल्या तरी तो त्यापासून ढळला नाहीं. हें सर्व आपण मुलांना शिकवितों. पण पहिला वर त्यानें काय मागितला, तें शिकवितांना मी स्वतः कित्येक वर्षें घाईनें पुढें जात असें. त्यानें मागितलें तें असें : माझ्या वडिलांचा राग शांत होवो, आणि मी परत जाईन तेव्हां ते मला ओळखून माझ्याशीं बोलोत. मृत्यूच्या दारांत उभा राहून, त्रैलोक्याचें ज्ञान समोर असतां, त्या मुलानें आधीं हें मागितलें!

आतां आपल्या कादंबऱ्यांकडे वळूं. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. यमूचें बंड तें केवढें? वाचावयास शिकणें, मुंबईस बिऱ्हाड करून नवऱ्याशीं माणसासारखें बोलणें. आखणीप्रमाणें पाहिलें तर तिचें मुंबईस जाणें हें निर्गमन, आणि तेथला अल्पकाळचा सुखाचा संसार हाच तिचा प्रसाद. पण नवरा जातो, आणि तिला परत त्याच मोठ्या घरांत यावें लागतें. तेथें शंकरमामंजी आणि न्हावी तिची वाट पाहत आहेत. वीराच्या कथेंत जें घर तोरण बांधतें, तेंच घर येथें केशवपन करतें. माझ्या लहानपणीं आमच्या माजघरांत एक आलवण नेसलेली आत्याआजी असे. ती कधीं कोणावर रागावल्याचें मला आठवत नाहीं, आणि कधीं हंसल्याचेंही आठवत नाहीं. यमूची कथा प्रथम वाचली तेव्हां मला आधीं तिचा चेहरा दिसला. यमू आपली कथा स्वतः सांगते, आणि ग्रंथाचें नांवच वाचकाला विचारलेला प्रश्न आहे. तिला घरांत परत घेतलें नाहीं तें वाचकानें मनांत घ्यावें, असा हरिभाऊंचा बेत आहे. यमूचें प्रत्यागमन पुस्तकांत होत नाहीं. वाचणाऱ्याच्या घरांत होतें, झालें तर.

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची 'ब्राह्मणकन्या' १९३० सालची. कालिंदीचें घर सुशिक्षित खरें. परंतु आईच्या जन्माविषयींच्या बोभाट्यामुळें त्या घराला जातींत जागा नाहीं. ती शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याजवळ लग्नावांचून राहते, त्याच्याकडून टाकली जाते, मुंबईस आपल्या पायांवर उभी राहते व शेवटीं रामरावाशीं संसार मांडते. येथें परतावयाचें तरी कोठें? म्हणून केतकर तिला मागें नेत नाहींत. पुढेंच एक नवें घर बांधून देतात. प्रत्यागमनाचा हाही एक प्रकार आहे, पण त्याला मागच्या उंबरठ्याचें ऋण फिटल्यासारखें वाटत नाहीं.

आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३. पांडुरंग सांगवीकर खानदेशांतल्या गांवाहून पुण्यास शिकावयास येतो, बापाचा पैसा उधळतो, परीक्षांत नापास होतो. मधल्या काळांत धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते. आणि शेवटीं तो गांवीं परत येतो. हातीं ना पदवी, ना यश, ना पश्चात्ताप. आमच्या पिढीच्या मास्तरांना हा मुलगा प्रथम मुळींच आवडला नाहीं. वर्गांतल्या शेवटच्या बांकावरचा म्हणून त्याला आम्हीं लगेच ओळखला. पण विचार केला म्हणजे दिसतें कीं, रिकाम्या हातानें परत येऊन उंबरठ्यांत उभें राहणें, आणि मी कसा रिकामा झालों तें खरेंखरें सांगणें, हाच त्याचा प्रसाद आहे. बारावें घर त्यानें भरलें. फक्त आखणी करणाऱ्यांना अपेक्षित होतें त्या वस्तूनें नव्हे.

कल्पित गोष्टी सोडून शेजारीं पाहिलें तरी हेंच. पनवेलच्या पलीकडचें शिरढोण आम्हांला दूर नाहीं. तेथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. सरकारी लष्करी हिशेबखात्यांत नोकरी, आई आजारी असतां वेळेवर न मिळालेली रजा, दुष्काळांत पाहिलेले हाल, आणि १८७९ सालचें बंड. त्याच वर्षीं जुलैंत ते पकडले गेले, एडनच्या तुरुंगांत धाडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथेंच वारले. ते शिरढोणास परत आले नाहींत. आज त्या गांवीं त्यांचें स्मारक आहे. तीं पावलें त्यांनीं टाकलीं नाहींत. मागच्या लोकांनीं त्यांना घरीं आणलें.

एवढें सांगून मी थांबलों. नात कागदाकडे पाहत होती. मग तिनें विचारलें, "आजोबा, दिवाणखान्यांतल्या फोटोंत अण्णांच्या शेजारीं उभे आहेत, ते धाकटे आजोबा घरीं कां येत नाहींत?"

सांगण्यासारखें नव्हतें, पण सांगितलें. आणि तिला सांगितलें तें वाचकांपासून चोरणें बरें नव्हे. १९७९ सालीं आमची आजी पावसाळ्यांत वारली. लांकूडफांटा भिजलेला, वाडीवरच्या कातकरी गड्यांनीं रातोरात सुकीं लांकडें जमवून, कंबरभर चिखल तुडवून, घाटावर पोंचविलीं. तेराव्याचें जेवण झालें. पंगती उठल्यावर उरलेलें अन्न त्या गड्यांना अंगणाच्या टोकाला पत्रावळींवर वाढलें जाऊं लागलें. तसा रिवाज होता. मी स्वतः वाढीत होतों. माझा धाकटा भाऊ तेव्हां एकोणीस वर्षांचा. त्यानें वडिलांना विचारलें, "अण्णा, आजीला ज्यांनीं पोंचविली, त्यांना उरलेलें कां?" अण्णा बोलले नाहींत. त्यानें पुन्हां विचारलें. मग आपलें पान घेऊन तो अंगणांत त्यांच्या ओळींत जाऊन बसला. अण्णा म्हणाले, "मग तिकडेच जेव, आणि तिकडेच राहा."

तो जेवला, हात धुतले आणि गेला.

आठ वर्षांनीं, १९८७ च्या गणेश चतुर्थीस, तो आला. ओसरीच्या पायरीशीं चपला काढून उभा राहिला. अण्णा झोपाळ्यावर होते; त्यांनीं मान वर केली नाहीं. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या वाजत होत्या. आईनें पाणी आणून दिलें. तें त्यानें उभ्यानेंच प्यालें, आईला नमस्कार केला, आणि पायरी न चढतां परत फिरला. मी दारांत नारळ हातीं घेऊन उभा होतों. मी तिसांतला, कर्ता, मुलांना कठोपनिषदाची गोष्ट रंगवून सांगणारा मास्तर! 'वर ये' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहींत. १९९६ सालीं अण्णा गेले तेव्हां तो स्मशानांत आला, आणि तेथूनच गेला. त्यानंतर दिवाळीच्या सुमारास एखादें पत्र, एवढाच संबंध. त्यांत कधीं तक्रार नसते.

नात बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "पण आपल्याकडे तर आतां सगळे एकाच पंगतींत बसतात. मागल्या वर्षीं सत्यनारायणाला वाडीवरचीं माणसें माझ्याच शेजारीं होतीं."

तिचें म्हणणें खरें होतें, आणि तें मला कधीं सुचलें नव्हतें. अण्णांच्या मागें केव्हांतरी आमच्या घरची पंगत एक झाली. कोणीं ठराव केला नाहीं, कोणीं वाद घातला नाहीं. बायकांनीं एके दिवशीं सारखीं पानें मांडलीं, आणि आम्हीं बसलों. माझ्या भावानें त्या अंगणांत जें मागितलें होतें, तें या घरानें गुपचूप घेतलें आणि आपलेंसें केलें. प्रसाद घरांत आला. आणणारा पायरीवरच राहिला.

कॅम्बेलच्या आखणींतलें उणें मला तेव्हां कळलें. तींत बारा घरें आहेत, पण घरांतलीं माणसें नाहींत. परतणें हें नायकाचें एकट्याचें कर्तृत्व, असें ती धरून चालते. वीराच्या बाबतींत तें चालतें. बंडखोराच्या बाबतींत अर्धी वाट त्यानें चालावयाची असते, आणि उरलेली अर्धी, ओसरीपासून पायरीपर्यंतची, घरच्यांनीं. ती फार तर चार पावलांची असते. आमच्या घरीं ती इतक्या वर्षांत कोणी चाललें नाहीं. नचिकेत्यानें पहिला वर स्वतःसाठीं मागितला खरा; परंतु तो फेडावयाचा होता वाजश्रवसानें.

कागद गुंडाळतां गुंडाळतां नात म्हणाली, "मग शेवटचें घर माझ्या नायकाचें नाहींच. त्याच्या दादाचें आहे." आणि ती लिहावयास आंत गेली.

त्या रात्रीं मींही लिहावयास बसलों. पत्र लहानच झालें. गणपती अमुक तारखेस बसतात, पंगत एकच असते, तूं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास उशीर झाला, आणि मी पायरीशीं येऊन उभा राहीन, एवढाच मजकूर. पत्र पेटींत टाकून आज नऊ दिवस झाले. उत्तर आलेलें नाहीं, आणि तें यावेंच असा माझा हक्कही नाहीं. तरी दुपारच्या वेळीं हमरस्त्यावर एखादी मोटार थांबल्याचा आवाज आला म्हणजे मी उठून उभा राहतों. घरांतलीं मुलें हंसतात, हंसोत. उठून उभें राहण्याची संवय या वयांत लावून घ्यावयाची, तर ती रोज घोकावीच लागते.